काळी तीनचं गाणं

मामानं तुणतुण्याची खुंटी पिळली, तार दोनदा छेडली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “किती?”

“एकशे छप्पन.”

“मग झालं की. बरोबर हाय.”

“नाही मामा. टेपवर एकशे पंच्याऐंशी आहे.”

त्यानं तारेवर तळहात ठेवून आवाज बंद केला. आधी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या यंत्राकडे. ते यंत्र नसून चुगलखोर शेजारीण असावी, असा त्याचा चेहरा झाला होता.

“झाक ते,” तो म्हणाला. “आणि डॅनीला बोलीव. बोंब मारू नको, हळू बोलीव.”

ही गोष्ट २००९ च्या फेब्रुवारीतली, मिरजेतली. तंतुवाद्यं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवर ‘आगटी’ या बँडची तालीम चालायची. खाली भोपळे कोरल्याची खरखर आणि वर ड्रम, सांबळ, विजेच्या गिटारी आणि माझ्या महादूमामाचं तुणतुणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगलीला ‘आगटी’च्या चाळीस वर्षांचा कार्यक्रम होता. अकरा हजार तिकिटं चार दिवसांत संपली होती. गावभर पोस्टरं लागली होती: सिदराम पाचंगे मळवट भरून, गळ्यात गिटार अडकवून उभे, आणि खाली ठळक अक्षरांत ‘तोच आवाज, तीच पट्टी’.

सिदरामअण्णा गोंधळ्यांच्या घरातले. बापामागं उभं राहून देवीच्या कथा गाता गाता वाढलेले. पुढं मिरजेच्या रेल्वे कॉलनीत डॅनी मोहित्याच्या वडिलांकडं त्यांनी गिटार पाहिली आणि एकोणसत्तर साली सांबळ, तुणतुणं आणि गिटार एका मांडवात आणली. समाजातल्या जुन्या माणसांनी दोन वर्षं त्यांच्याकडचं पाणी घेतलं नाही. नंतर त्याच माणसांच्या नातवांनी त्यांना खांद्यावर घेतलं. शब्द त्यांचेच, चाली त्यांच्याच. त्यांचा आवाज इतका वर चढायचा की माळावरची मेंढरं मान वर करतात, असं लोक म्हणायचे.

मी पुण्यात कारखान्यांतला गोंगाट मोजण्याचं काम करायची. पदार्थविज्ञान शिकले, ध्वनी हा विषय घेतला आणि शेवटी बॉयलरशेजारी यंत्र धरून उभी राहिले. घरी मला ‘गोंगाटवाली’ म्हणत. मामानं फोन करून सांगितलं की केरामावशीचा आवाज सापडलाय, तेव्हा मी आठ दिवसांची रजा टाकली.

केरामावशी म्हणजे अण्णांची बायको. ती अण्णांची झीलकरी होती. गोंधळात पुढं गातो तो म्होरक्या, आणि त्याच्या मागं उभं राहून ओळीचं शेपूट उचलतो तो झीलकरी. म्होरक्याचा श्वास संपायच्या आत झीलकऱ्यानं सूर धरायचा आणि ऐकणाऱ्याला सांधा दिसू द्यायचा नाही. ‘दिवटी’ हे ‘आगटी’चं सगळ्यांत गाजलेलं गाणं. मावशी एक्क्याण्णव साली गेली आणि अण्णांनी ते परत कधी म्हटलं नाही. लोक प्रत्येक कार्यक्रमात ओरडायचे, “दिवटी! दिवटी!” अण्णा हात जोडायचे आणि दुसरं गाणं सुरू करायचे. अठरा वर्षं हेच चाललं होतं.

आणि आता मुंबईतला एक जुना स्टुडिओ मोडताना ‘दिवटी’चं मूळ रीळ निघालं. कॉम्प्युटरवर उतरवायला ते माझ्याकडं पुण्याला आलं. त्याच्यावर प्रत्येकाचा आवाज वेगळ्या पट्ट्यावर होता. मावशीनं तर वादकांना वाट कळावी म्हणून सगळं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून ठेवलं होतं. रेकॉर्डवर त्यातली फक्त झील घेतली होती. अण्णांनी निरोप धाडला की सांगलीला दिवटी होणार, केरा टेपवरून गाईल आणि मी समोरून. गाव नुसतं पेटलं होतं. माझंही तेच. सात वर्षांची असताना मी स्टेजच्या कडेला पोत्यावर बसून ते गाणं ऐकलं होतं, आणि त्यानंतर काही दिवस मला दुसरं काही ऐकूच आलं नव्हतं.

डॅनी आला. ‘आगटी’चा गिटारवाला, साठीचा, केस अजून खांद्यापर्यंत.

“कळलं हिला,” मामा म्हणाला.

“कळणारच. मोजायचा पगार घेते ती.” डॅनी माझ्याकडे वळला. “किती निघालं?”

“एकशे छप्पन हर्ट्झ. म्हणजे काळी दोन. टेपवर काळी तीन आहे.”

पेटीवरच्या ज्या पट्टीवर गायकाचा सा बसतो, ती त्याची पट्टी. काळी तीन आणि काळी दोनच्या मध्ये दोन पांढऱ्या असतात. म्हणजे ‘आगटी’ तीन घरं खाली उतरली होती.

“केव्हापासून?” मी विचारलं.

मामानं तुणतुणं मांडीवर टेकवलं. तोच बोलला. “केरा गेली त्याच्या दुसऱ्या साली इचलकरंजीत शिदूचा आवाज फाटला. भर मैदानात. घरी येऊन तीन दिवस भिंतीकडं तोंड करून बसला. जेवंना. म्हणला, गळा गेला, आता दुकान टाकतो. पुढच्या कार्यक्रमाला मी तार केसभर ढिली केली. त्याला म्हणालो काय न्हाई. गाणं असं झालं म्हणतीस! मला मिठी मारून म्हणला, महाद्या, आज गळा काय लागलाय! मग काय सांगू त्याला? तुणतुणं ढिलं हाय म्हणून?”

“मग पुढच्या वर्षी आणखी केसभर,” डॅनी म्हणाला. “आणि मी मागं मागं. आता माझ्या तारा दाव्यासारख्या लोंबतात.”

“अण्णांना कळलं कसं नाही?”

“स्टेजवर पेटी चालत न्हाई त्याला. सूर तुणतुण्याचा, देवीचा. तुणतुणं सांगंल तो सा.” मामानं हातातल्या वाद्याकडं बघितलं. “आणि देवीचं तुणतुणं माझ्या हातात.”

“एकदा एक नवा पोऱ्या बेस वाजवायला आला,” डॅनी म्हणाला, “सूर बघायचं मशीन घेऊन. मी ते चहात पाडलं.”

“चुकून?”

“दोनदा.”

मला हसू आलं आणि लगेच गेलं. कारण पुढचं त्यांनी न बोलताच कळत होतं. जिवंत माणसं कितीही खाली उतरतील. टेप उतरत नाही. केरामावशी अठ्ठावीस वर्षं काळी तीनवरच उभी होती, आणि उद्या अकरा हजार लोकांसमोर अण्णा तिच्या शेजारी जाऊन उभे राहणार होते.

“टेप जलद फिरली म्हणून सांग त्याला,” मामा म्हणाला. “यंत्राची चूक. तुझं ऐकंल तो.”

“नाही फिरली. टेपमध्ये विजेची बारीक घरघर आलीय. ती बरोबर पन्नास हर्ट्झवर आहे, विजेची असते तिथंच. टेप जलद असती तर तीही वर गेली असती.”

“तेवढं कशाला सांगतीस?”

“मग तू तिला खाली आण,” डॅनी म्हणाला. “कॉम्प्युटरवर होतं ते. तीन घरं. बास.”

होत होतं. नुसता वेग कमी केला असता तर सहा मिनिटांचं गाणं सात मिनिटं आठ सेकंदांचं झालं असतं. पण वेग तसाच ठेवून सूर तेवढा उतरवता येत होता. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण मला ते गाणं व्हायला हवं होतं, अगदी कुठल्याही पट्टीत. वीस मिनिटांत मी ते केलं.

अकराला अण्णा आले. सहासष्ट वर्षांचा माणूस जिना दोन-दोन पायऱ्या चढत आला. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल.

“आलं बघा नवरदेव,” डॅनी म्हणाला. “घोडा कुठं बांधलाय?”

“गप रं. अठरा वर्सांनी भेटायचंय. दाढी नको करू?” अण्णा स्पीकरसमोरच्या खुर्चीत बसले, परत उठले, खुर्ची हातभर पुढं ओढली. “लाव, मास्तरीण. का तुझ्या यंत्राला चहा पाजायचाय आधी?”

“लावते.”

“थांब.” त्यांनी पंखा बंद करायला लावला. खाली ओरडून सांगितलं, “दोन मिन्टं भोपळं थांबवा रं!” खालची खरखर थांबली. “हां. आता लाव.”

मी लावलं.

*माळ ओलांडून ये रं, रात ओलांडून ये*
*दिवटी धरली हाताला, तेल सरायच्या आत ये*

पट्टी बरोबर होती. ताल बरोबर होता. मोजायला सांगितलं असतं तर मी सही करून दिली असती. पण ती बाई दुसरीच होती. जाड गळ्याची, थकलेली, पडशानं नाक चोंदलेलं असावं तशी. मला ते वीस मिनिटांपूर्वीच कळलं होतं. मामाला आता कळलं, त्यानं मान खाली घातली.

अण्णा पहिलं कडवं पुरं ऐकून घेईपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, “ही कोण?”

मामा तुणतुण्याची खुंटी चाचपायला लागला.

“कुणाची टेप उचलून आणलीया? ही केरा न्हाई.”

“आरं, जुनी टेप हाय, शिदू,” मामा म्हणाला. “आवाज जरा दबतो.”

“दबतो? मला सांगतूस? बावीस वर्सं कानामागं हुती ती माझ्या.” ते उठले. “काढा ते. दिवटी न्हाई व्हणार. लोकांना सांगा, टेप कुजली.”

ते जिन्यापर्यंत गेले. दाढी केलेल्या गालावर एक बारीक कापलेलं दिसत होतं.

“अण्णा,” मी म्हणाले. “टेप चांगली आहे. मी आवाज उतरवलाय.”

“हेमा!” मामा.

“तीन घरं उतरवलाय. हा खरा.”

आणि मी न उतरवलेलं लावलं.

*माळ ओलांडून ये रं...*

या वेळी कुणाला काही विचारावं लागलं नाही. आवाज बारीक नव्हता, गोडही नव्हता. धारदार होता, कापत येणारा, आणि त्यात कुठंतरी हसू होतं, गाता गाता समोर कुणीतरी चाळे करत असावं तसं. अण्णा जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. मग ते दोन ढांगांत खोलीच्या मध्यभागी आले आणि मागचा पुढचा विचार न करता त्यांनी दुसरं कडवं उचललं.

दोन ओळी लागल्या. तिसरीला गळा ताणला. चौथीला तो फाटला.

“परत,” ते म्हणाले.

मी परत लावलं. परत तिथंच.

“परत.”

तिसऱ्यांदा ते फाटायच्या आधीच थांबले. घाम आला होता. त्यांनी मामाकडं हात केला. “महादू. तुणतुणं.”

“शिदू, ऐक...”

“तार छेड.”

मामानं तार छेडली. स्पीकरमधून केरामावशीचा सा येत होता आणि त्याच्याखाली तुणतुण्याचा. दोन बैल दोन दिशांना ओढत असल्यासारखं ते वाजलं. लहान मुलालाही कळलं असतं.

“किती वर्सं?”

“सतरा,” मामा म्हणाला.

“सतरा.” अण्णा भोपळ्यांच्या एका खोक्यावर बसले. “परवा पेपरात सांगितलं मी. त्या टीव्हीवाल्या पोरीला सांगितलं. म्हातारा झालो, पण पट्टी सोडली न्हाई म्हणलो. छाती बडवून सांगितलं. आणि तुम्ही मागं उभं राहून ऐकत हुता.”

“तू गायला तर पाहिजे हुतास,” मामा म्हणाला. “दुकान टाकणार हुतास तू. मारायचं तर मार.”

“तुला मारून काय हुतंय? तू आधीच तुणतुण्याएवढा.” पण त्यात हसणं नव्हतं. “डॅनी, सांगलीला फोन लाव. कार्यक्रम रद्द. नुसती दिवटी न्हाई, सगळाच. तोच आवाज, तीच पट्टी... अकरा हजार लोकांच्या तोंडावर खोटं बोलायला मी काय पुढारी हाय?”

डॅनीनं फोन काढला, पण आकडे दाबले नाहीत. तो माझ्याकडं बघत होता. मामाही. त्यांना वाटत होतं, हे मी केलं. खरंच होतं ते.

माझ्याजवळ आणखी एक गोष्ट होती. पुण्यात रिळावरचे पट्टे वेगळे करताना ती मला दिसली होती, आणि ती कुणाला सांगायची नाही असं मी ठरवलं होतं. ‘दिवटी’ लोकांना का आठवते? मधल्या हाकेसाठी. शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबतात आणि अण्णा एकाच श्वासात ‘येऽऽऽ’ अशी हाक घेतात. चौदा सेकंद. कॉलेजातली पोरं पैज लावून ती घ्यायचा प्रयत्न करत. त्या हाकेवर अण्णांचं नाव झालं.

“अण्णा,” मी म्हणाले, “तुमचा आवाजही वेगळा आहे. एकट्याचा. ऐकायचाय?”

“आता कशाला?”

“हाक ऐका.”

मी लावलं.

अडतीस वर्षांचे अण्णा. भरदार, उसळी मारणारा आवाज. ‘येऽऽऽ’ वर गेला, आणखी वर गेला, आणि साडेपाच सेकंदांनी एका खोकल्यात तुटला. मग काहीच नाही. कपड्यांची सळसळ, कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज, आणि बाकी शांतता. साडेआठ सेकंद शांतता.

अण्णांनी मान वर केली. “हे मी?”

“हो.”

“मग हाक?”

मी त्यांचा पट्टा बंद करून तिचा लावला. केरामावशीची हाक पहिल्यापासून होती. आधी अगदी हळू, त्यांच्या आवाजाखाली दडलेली, कुजबुजीएवढी. पाचव्या सेकंदाला ती वर यायला लागली. साडेपाचव्याला ती बरोबर त्यांच्या उंचीवर होती, त्यांच्याच धारेची, त्यांचाच श्वास पुढं चालू असल्यासारखी. मग ती एकटी चौदाव्या सेकंदापर्यंत गेली.

“आता दोन्ही एकदम लाव,” अण्णा म्हणाले.

मी लावलं.

“परत.”

परत लावलं. ते खोक्यावरून उठून स्पीकरजवळ उकिडवे बसले, कान जाळीला लावून. “परत.” पाचव्यांदा, सहाव्यांदा. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मला भीती वाटत होती की मी एका माणसाकडं उरलेलं शेवटचंही काढून घेतलं.

मग त्यांनी मांडीवर थाप मारली, इतक्या जोरात की डॅनी दचकला.

“महाद्या! ऐकलंस का? सांधाच न्हाई रं!”

“काय?”

“सांधा! सुईच्या टोकाएवढा न्हाई! ऐक, ऐक, मास्तरीण, परत लाव, ह्याला ऐकीव. हितं मी मेलो, हां... आणि ही बघ, ही बघ कशी आली! चोरावानी आली! आयला, मला सुद्धा कळलं न्हाई!” ते उभे राहिले होते, हात हवेत, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला. “मला त्या दिवशी खोकला झालता. म्हणली, तू सोड, मी घेते. आत्ता आठवलं. इसरलोच हुतो मी! लोक म्हणायला लागले तुमची हाक, तुमची हाक, मग मलाबी वाटाय लागलं माझीच हाय.”

“मग रद्द करायचं का?” डॅनीनं फोन हलवला.

“काय रद्द? तारा ताण तुझ्या! महादू, चढीव तुणतुणं. काळी तीन.”

“आणि तू? तुझा गळा...”

“मी कुठं गातोय? ती गाईल. सगळं गाणं हाय की तिचं!” ते वळले. “हाय न्हवं सगळं, मास्तरीण?”

“सगळं आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“मग झालं. म्होरकी ती. झील मी देतो.”

मामा त्यांच्याकडं बघत राहिला. “तू झील देणार?”

“म्होरक्या व्हायच्या आधी सात वर्सं बापाला झीलच दिली मी. तू काय तवा पाळण्यात हुतास?” त्यांनी खोलीभर एक चक्कर मारली. “वरनं न्हाई जमायची. खालनं घ्यायची. खर्जातनं. ती जिथं श्वास सोडंल तिथं.”

ते सोपं नव्हतं. जिवंत म्होरक्या श्वास सोडायच्या आधी खांदा हलवतो, मान कलती करतो, मागच्याला खूण मिळते. टेप खूण देत नाही. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी सेकंद सांगू लागले. त्यांनी हात झटकला. “आकडं नको. ती श्वास घेताना जिभेचा आवाज करायची. टच असा. हाय का तो टेपवर?”

होता. तो मी खरखर समजून पुसून टाकला होता. मी तो परत आणला.

दुपारभर आम्ही जेवलो नाही. खालचे कारागीर हातातले भोपळे घेऊनच जिन्यावर येऊन बसले. डॅनीनं तारा ताणताना दोन तोडल्या आणि प्रत्येक वेळी मामाला शिवी घातली. चारच्या सुमारास अण्णांनी पहिल्यांदा तिच्या श्वासावर सूर धरला. मला अंगावर काटा आल्याचं आठवतं, आणि ते लपवायला मी उगाचच वायरी गुंडाळायला लागल्याचंही.

त्यानंतर अण्णा आणखी नऊ वर्षं गायले, काळी दोनवर, उघडपणे. लोकांना ती खर्जातली गाणी जास्त आवडली असं पुढं लिहिलं गेलं. ते सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला सांगलीचं ते मैदान गच्च भरलं होतं. भिंतींवर, झाडांवर माणसं. स्टेजच्या फळ्या पायाखाली थरथरत होत्या. अण्णांनी लागोपाठ नऊ गाणी घेतली, मधे पाणीसुद्धा प्यायले नाहीत, आणि प्रत्येक गाण्यानंतर तीच आरोळी यायची, “दिवटी! दिवटी!” मी स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढं होते. माझ्या बोटाला घाम येत होता म्हणून मी ते ओढणीला पुसत होते.

दहाव्याला अण्णा माइकपाशी आले.

“गावात पोस्टर लागलंय,” ते म्हणाले. “तोच आवाज, तीच पट्टी. खोटं हाय ते.”

मैदान हसलं. त्यांना वाटलं, चेष्टा आहे.

“हसू नका, खरंच खोटं हाय. तीन घरं खाली उतरलोय मी. ही माझी दोस्तमंडळी धरून धरून उतरवत हुती, मला कळू दिलं न्हाई. काल कळलं.” हसू थांबलं. मामा तुणतुण्याआड तोंड लपवायला बघत होता. “पण आमच्या घरातलं एक माणूस अजून वरच राहतंय. आज ते आलंय. आज मी म्होरक्या न्हाई.”

ते मागं वळले, चार पावलं चालून मामाच्या शेजारी उभे राहिले आणि हात कानावर ठेवला. पुढचा माइक एकटाच उरला. त्याच्यावर दिवा होता. मामानं तार छेडली. काळी तीन.

मी बोट दाबलं.

*माळ ओलांडून ये रं, रात ओलांडून ये...*

अकरा हजार माणसं गप्प होतात तेव्हा कसं वाटतं ते मला त्याआधी माहीत नव्हतं. कान दुखतात. मग दुसऱ्या ओळीला सांबळ पडला, डॅनीची गिटार गर्जत आत आली आणि मैदान उसळलं. केरामावशी गात होती, हसत, कापत, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी अण्णा मागून, खालून, ओळ उचलून परत तिच्या हातात देत होते. मी बटणावरचं बोट काढायलाच विसरले होते.

हाक आली. सगळी वाद्यं थांबली. ‘येऽऽऽ’ कुजबुजीतून निघून वर गेली, आणखी वर, दहा, बारा, आणि चौदाव्या सेकंदाला, रेकॉर्डवर जिथं सांबळ पडायचा तिथं, सांबळ पडला नाही. तिथं खर्जात अण्णा होते. सूर वरून खाली आला की खालून वर गेला, मला सांगता येणार नाही. सांधा मला ऐकू आला नाही, आणि मी तो ऐकायलाच बसले होते. ते किती वेळ गायले तेही मी मोजलं नाही.

मग सांबळ पडला आणि मैदानानं जो आवाज केला तो मी कुठल्या कारखान्यात ऐकला नाही.

“वन्स मोअर! अण्णा, वन्स मोअर!”

अण्णा मागूनच ओरडले, माइकशिवाय. “मला काय सांगताय? मी झीलकरी हाय! म्होरकीला सांगा!”

पुढच्या ओळींत बायका बसल्या होत्या. त्यांतली एक, डोक्यावर पदर घेतलेली, उभी राहिली. “काय नाव बाईचं?” तिनं विचारलं.

मी त्या रेकॉर्डचं कव्हर शंभर वेळा पाहिलं होतं. त्याच्यावर गिटार कुठल्या बनावटीची आहे तेसुद्धा छापलेलं होतं. मावशीचं नाव कुठं नव्हतं.

अण्णा पुढं आले. रिकाम्या माइकच्या शेजारी उभे राहिले, त्याच्यासमोर नाही, आणि मान कलती करून त्यात म्हणाले, “केरा.”

आधी त्या बाईनं म्हटलं. मग तिच्या ओळीनं. मग ते मागं मागं सरकत गेलं, भिंतीपर्यंत, झाडांपर्यंत, आणि तिथून एकदम परत आलं. “केरा! केरा! केरा!” फळ्या हलत होत्या. मामा रडत होता आणि डॅनी त्याला ओरडून सांगत होता की तुणतुणं भिजेल, सूर उतरेल.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, हवेत बोट गोल फिरवलं आणि मागं आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.

मी गाणं पहिल्यापासून लावलं.